वाफेची चहाडी

भरदुपारी वैद्यांच्या औषधी आहाराच्या स्वयंपाकघरातला गॅस सेन्सर किंचाळला आणि संध्याकाळच्या आत त्यांनी सख्ख्या भाचीला कामावरून काढलं. जेवायला जाताना तिने शेगडीचं बटण उघडं टाकलं, हा तिचा गुन्हा. आता रोग्यांची पेज तिला कोण शिजवू देणार?

तिच्या आईने शेजारच्या मावशींना गाठलं. मावशी खासगी गुप्तहेर. सोबतीला त्यांचे जावई, डोक्याने जरा सावकाश.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैद्यांनी स्वयंपाकघराला कालपासून लावलेलं कुलूप काढलं. त्यांच्या मुलाने सगळं घडाघडा सांगितलं. सेन्सर वाजताच तो धावत आला, दारातच गॅसचा भपकारा आला, त्याने बटण बंद करून खिडक्या उघडल्या. बाकी कशाला हात लावला नाही.

जावई कोपऱ्यातल्या अरिष्टाच्या, म्हणजे आंबवून मुरवायच्या औषधी काढ्याच्या, बरणीपाशी रेंगाळले. बरणीवर बारा दिवसांपूर्वीची तारीख होती. महिनाभर ती उघडायची नसते, असं वैद्य म्हणाले. तोंडावर लिंपलेली माती जावयांच्या बोटाला लागली. त्यांनी ती गुपचूप रुमालाला पुसली.

मावशींनी सोबत आणलेल्या वैद्यांच्या भाचीला पाणी तापवायला सांगितलं. तिने आधी वाकून सिलिंडरचा रेग्युलेटर उघडला, मग शेगडी पेटवली. पाणी उकळल्यावर पुन्हा रेग्युलेटरच बंद केला. नळीतला गॅस संपून जाळ आपोआप विझला. बटण उघडंच राहिलं.

"रोज असंच करतेस?"

"हो. नळीत गॅस राहायला नको म्हणून."

मुलगा दाराकडे सरकला.

"थांबा," मावशी म्हणाल्या. "रेग्युलेटर कालही बंदच होता. गॅस सुटलाच नाही, मग तुम्हाला भपकारा कसला आला?"

"पण सेन्सर वाजला ना?" जावई बुचकळ्यात पडले.

"त्याच्या आत तापलेलं धातूचं ऑक्साईड असतं. गॅस असो की दारूची वाफ, त्याला दोन्ही सारखंच. अरिष्ट मुरेपर्यंत या चिरंजीवांना धीर नव्हता. बरणीचं लिंपण फोडून यांनी बाहेरची दारू ओतली, सेन्सर बोंबलला, तशी घाईघाईने माती लिंपली. ती अजून ओली आहे, जावईबापूंचा रुमाल बघा. उघडं बटण दिसलं आणि यांना आयता बळी मिळाला."

ही तिसरी बरणी, मुलगा पुटपुटला. पहिल्या दोन बाटल्यांत भरून विकल्या गेल्या होत्या.

वैद्य भाचीकडे वळले. "चुकलो गं. तू बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंच नाही, मामा." ती रागाने म्हणाली. "आधी त्या बाटल्या घरोघर जाऊन परत आणा. मग मी कामावर येते."

वैद्यांनी मुलाला पुढे घातलं आणि स्वतः चपला घातल्या.