विहिरीची खोली

जुन्या वास्तूंची नोंद करायला सर्वेक्षक बाई त्या गावात उतरल्या तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. अशी चाळीस गावं त्यांनी पालथी घातली होती. कामात हयगय नाही आणि ऐकीव गोष्टींवर विश्वास तर मुळीच नाही.

या गावात मात्र कुणी हूं की चूं करेना. बाई दिसल्या की खिडक्या लागत. वाट विचारली तेव्हा सुताराने उत्तराऐवजी रंधा चालवला. शेवटी निवृत्त मास्तर बरोबर निघाले, तेही एकदाची पीडा टळावी अशा चेहऱ्याने.

त्यांनी पुरात दोनदा वाहून गेलेला दगडी पूल दाखवला. बंद पाणचक्की दाखवली, चौकातली तडा गेलेली घंटा दाखवली. सनावळ्या तोंडपाठ.

गावाच्या टोकाला विहीर होती. मास्तर वीस पावलं अलीकडेच थांबले.

"ही कधीची?" बाईंनी विचारलं.

"गावाच्या आधीची."

"कुणीतरी खोदलीच असेल ना?"

"लिहायचं ते लिहा, बाई. मोजू नका."

"मोजल्याशिवाय नोंद कशी होणार, मास्तर?"

मास्तरांनी पाठ फिरवली. मागे वाटेवर सात-आठ माणसं येऊन उभी होती.

बाईंनी कापडी फितीला वजन बांधून ती आत सोडली. विहीर कोरडी. तळावर ऊन पडलेलं, पाचोळा न् पाचोळा दिसत होता. वजन टेकलं. नऊ मीटर.

मग फीत ताणली गेली.

सावकाश. खालून.

तळाला कुणी नव्हतं.

बाईंनी दोन्ही हातांनी फीत वर ओढली. तिला दोन गाठी होत्या. बारीक, नीटस, घट्ट.

"हा काय चावटपणा आहे?" बाई ओरडल्या.

गर्दीतली एक म्हातारी म्हणाली, "निघा आता. तुमचं मोजून झालं. त्याचंही झालं."

बाई जवळजवळ धावतच फाट्यावर आल्या. बसला वेळ होता. गाठी सुटता सुटेनात. पहिली गाठ टोकापासून हातभर अंतरावर, दुसरी बरीच पुढे. मनात आलं तसं त्यांनी फितीचं टोक टाचेखाली धरलं आणि फीत अंगालगत वर नेली.

दुसरी गाठ बरोबर टाळूला टेकली.

थोड्या वेळाने त्यांनी फितीचं टोक डाव्या खांद्याच्या कडेला धरलं. पहिली गाठ उजव्या खांद्याच्या कडेला आली.

बोटभरही फरक नव्हता.