सहा किलो

डोंगरावर जाण्याची तयारी मी आदल्या दिवशी सकाळी, जेवणाच्या टेबलावर करतो. टेबल रिकामे करायचे, त्यावर पांढरी चादर अंथरायची आणि यादीतील प्रत्येक वस्तू यादीच्याच क्रमाने मांडायची. मग एकेका वस्तूचे वजन, त्यांची बेरीज आणि शेवटी भरलेल्या सॅकचे वजन. दोन्हींत वीस ग्रॅमपेक्षा जास्त तफावत आली, तर सॅक उपसून पुन्हा पहिल्यापासून. तंत्रनिकेतनातून बाहेर पडल्यावर एकतीस वर्षे मी कारखान्यातील वजनकाटे तपासत होतो. ही सवय आता अडुसष्टाव्या वर्षी सुटायची नाही.

लेक टेबलाशी उभी राहून माझे काम पाहत होती.

“बाबा, मोज्यांचंसुद्धा वजन? उद्या माझे सुस्कारे तोलायला घ्याल.”

सहा तासांची चढण आहे, वर पाण्याचा थेंब नाही, तेव्हा मोजेही मोजावे लागतात, असे मी तिला सांगितले. ती हसली आणि मागच्या अंगणात बुटांना तेल लावायला गेली.

ही चढण मी दरवर्षी एकाच माणसाबरोबर चढलो. तो कारखान्यात लेथवर होता. सगळे त्याला वस्ताद म्हणत. गेल्या वर्षी आम्ही दोघे वर गेलो आणि मी एकटा खाली आलो. अकरा दिवस शोध चालला. दुसऱ्या थांब्यापाशी त्याची सॅक सापडली. दगडाला टेकवून नीट उभी केलेली, सगळे पट्टे लावलेले, आतल्या वस्तू यादीबरहुकूम. तो सापडला नाही.

लेक लहानपणी त्याच्या खांद्यावर बसून जत्रेत हिंडली होती. त्या थांब्यावर एकदा जायचेच, असे तिने मनाशी पक्के केले होते. दोनदा मी नाही म्हणालो. तिसऱ्यांदा ती म्हणाली की तुम्ही नसाल तर मी एकटी जाईन. तिने एकटीने जाण्यापेक्षा मी बरोबर असलेला बरा, म्हणून मी होकार दिला. सॅक मात्र तिने मला न विचारता आणली होती. वस्तादचीच. घरात ती नजरेसमोर नको, असे काकू, म्हणजे वस्तादची बायको, म्हणाल्या होत्या म्हणे.

स्वयंपाकघराच्या चौकटीला माझा हुकाचा काटा टांगलेला असतो. आधी मी तो प्रमाणित वजने लावून तपासला. बिनचूक होता. वस्तूंची आणि रिकाम्या सॅकची बेरीज सहा किलो झाली होती. मी सॅक भरली आणि हुकाला लावली.

सहा किलो नऊशे.

सॅक उतरवली, एकेक खण चाचपला, अस्तरही उलटे करून पाहिले. जादा काहीच नव्हते. पुन्हा भरली. सहा किलो नऊशे.

हा आकडा मी पूर्वी लिहिला होता. कपाटातून गेल्या वर्षीची वही काढली. त्या दिवशी मी खिशात छोटा काटा नेला होता, कारण वस्ताद पहिल्या थांब्यापासूनच सॅक जड होत चालल्याची तक्रार करत होता. माझ्याच अक्षरात नोंद होती: निघताना सहा किलो. पहिला थांबा, सहा किलो नऊशे. दुसरा थांबा, नऊ किलो दोनशे. त्याखाली एक रेघ आणि शेरा: स्प्रिंग सैल, काटा बाद करणे.

जे त्या वहीत नाही आणि जे मी शोधपथकाला किंवा काकूंनाही कधी सांगितले नाही, ते असे. दुसऱ्या थांब्यावर घामाने थबथबलेल्या वस्तादने मला विचारले होते, “किती भरली, साहेब?” काटा बिघडला आहे याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. चुकीचा आकडा सांगून त्याला घाबरवण्यात अर्थ नव्हता. मी म्हणालो, “सहा.” तो माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “तू व्हा पुढे. मी जरा टेकतो.” चेष्टेत तो मला नेहमी असाच अर्धा मान द्यायचा.

मी पुढे झालो.

वही मिटून मी टेबलाशी आलो. सॅकमधून पाण्याच्या दोन्ही बाटल्या काढल्या. दोन किलो कमी व्हायला हवे होते.

सहा किलो नऊशे.

दोरी काढली. विजेरी, रेनकोट, औषधांची डबी, खाऊ, सगळे चादरीवर मांडले. सॅक पोकळ होऊन हुकाला लोंबत होती. तिचे पट्टे मात्र ताठ होते, खांद्यांवर ओझे असल्यासारखे.

नऊ किलो दोनशे.

मागचे दार वाजले. लेक आत आली, हाताला तेलाचा वास होता. काट्याची तबकडी माझ्या बाजूला होती, तिला दिसत नव्हती.

“काय हो, किती भरलं?”

उद्याचे जाणे रद्द, एवढेच सांगायचे होते. तिच्या चेहऱ्यावर उत्साह होता. आणि काटा, मी स्वतःला बजावले, बिघडलेलाही असू शकतो.

“सहा,” मी म्हणालो.

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग मान हलवून टोपी आणायला वरच्या खोलीकडे निघाली.

माझ्यासमोर तबकडीचा काटा हळूहळू मागे सरकू लागला. आठ. पाच. दोन. एक किलो शंभरवर येऊन थांबला. रिकाम्या सॅकचे खरे वजन तेवढेच होते.

जिना वाजू लागला.

तिच्या पावलांखाली तो असा कधी वाजला नव्हता.

मी जिन्याच्या पायथ्याशी धावलो. नवव्या पायरीवर ती पाठमोरी बसली होती, कठड्याला टेकून, दोन्ही खांदे खाली ओढल्यासारखे. मी हाक मारली. तिने मागे वळून पाहिले नाही.

“तू व्हा पुढे,” ती म्हणाली. “मी जरा टेकते.”

जन्मात तिने मला कधी ‘तू’ म्हटले नव्हते.