खंडेनवमीला कापलेला पत्रा

करंट गेलाय तर जाऊ दे, मेणबत्ती शोधू नकोस. ही गोष्ट अंधारातच बरी. संताजीअण्णांना ओळखता ना तुम्ही सगळे? मैसूर रोडच्या अलीकडे ज्यांची गेट-ग्रिलची शेड आहे, ते. हल्ली मान खाली घालून जातात. पूर्वी असे नव्हते हो. गॅसकटर हातात धरला की त्यांच्यासारखी सरळ रेघ कापणारा आख्ख्या चामराजपेटेत नव्हता, आणि हे सगळ्यांच्या आधी तेच सांगायचे.

त्यांचा धाकटा भाऊ गुरुराज. पोलिओनं डावा पाय आखूड राहिलेला, म्हणून त्या पायात जाड तळाचा बूट. डोकं मात्र तल्लख. त्यानं भंगारातून मोटरी आणल्या, अँगल जोडून खाटेएवढं टेबल केलं, वर सरकणारी दांडी बसवली, दांडीला विजेच्या ज्योतीनं धातू कापणारी प्लाझ्माची टॉर्च आणि कोपऱ्यात एक जुना कॉम्प्युटर. फ्लॉपी घालायची, बोटानं एक बटण दाबायचं, की टॉर्च आपली आपण फिरून पत्रा कापते. गिऱ्हाइकं ते बघायला येऊ लागली. संताजींच्या हाताकडे मग कोण बघतंय?

"मलाही शिकव की रे," ते एकदा म्हणाले.

"स्वल्प थांब, अण्णा. आधी तुझ्या रागाला अर्थिंग देऊ या," गुरुराज हसला. चेष्टाच होती ती. पण संताजींना लागली.

शहाण्णव सालची खंडेनवमी. शेडमध्ये पूजा झाली, हत्यारांना हळदकुंकू लागलं, टेबलाला झेंडूची माळ घातली, दारात कोहळा फुटला. पूजेला लावलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत चालवायचं नाही, हे तुम्हाला सांगायला नको. गुरुराजची बायको कमला रामनगरला माहेरी होती. तिला सणाची साडी देऊन रात्री परत येतो म्हणून तो मोपेडवर निघाला.

"अण्णा, टेबलाला आज झोपू दे हां. सरी?"

"सरी, नाही लावत हात," संताजी म्हणाले.

रात्री साडेदहाच्या सुमाराला ते समईत तेल घालायला शेडमध्ये गेले. तेल घातलं. वात सारली. निघायचं तर नजर टेबलाकडे गेली. वर पत्रा मांडलेलाच होता. एक गोल कापायचा, सकाळी गुरुराजसमोर ठेवायचा, बस्स. एवढाच विचार होता हो त्यांचा. त्यांनी माळ काढून खिळ्याला अडकवली, गोलाची फ्लॉपी घातली आणि बटण दाबलं.

कॉम्प्रेसर घुरघुरला. निळी ठिणगी पेटली. दांडी सरकली.

पण टॉर्च गोल फिरेना. ती सरळ गेली, थोडी वळली, पुन्हा सरळ. फ्लॉपी चुकली असेल म्हणून संताजींनी लाल बटण दाबलं. दांडी चालूच. त्यांनी कॉम्प्युटरची वायर उपटली. पडदा काळा झाला. दांडी चालूच. मग धावत जाऊन मेन स्विच खाली ओढला. ट्यूबलाइट विझली, कॉम्प्रेसर गप्प झाला.

टॉर्च जळतच होती...

समईचा उजेड आणि ती निळी ज्योत. संताजी भिंतीला पाठ लावून बघत राहिले. आधी एक पाऊल उमटलं. मग पोटरी. गुडघा दुमडलेला. कुशीवर पडलेल्या माणसाच्या आकृतीची कड पत्र्यात निघत होती. दुसरा पाय आला, तो आखूड होता. त्याच्या टोकाला जाड तळ.

"गुरू..."

रामनगरहून येताना वाटेत बिडदीच्या आसपास असेल तो या वेळी. अंधारात, एकटा, मोपेडवर. त्याला थांबवायचं कसं? कुणाला हाक मारायची? कड मिटली की संपलं, एवढं त्यांना कळलं होतं. ते का कळलं, ते आजही सांगता येत नाही त्यांना.

दोन्ही हातांनी दांडी धरली. पाय रोवून ओढली. दांडीनं त्यांनाच फरफटत नेलं. तळवे भाजले. पाठ कापून झाली. मान. डोकं. मग वर पसरलेला उजवा हात... मनगट... बोटं...

संताजींनी दांडी सोडली. गुडघ्यावर बसले, टेबलाच्या पायावर कपाळ टेकलं.

"चुकलं माझं. नको..."

ज्योत विझली.

उजव्या हाताच्या पहिल्या बोटापाशी, दोन बोटं रुंद एवढा पत्रा कापायचा राहिला होता.

पहाटे माणसं सांगायला आली. बिडदीपाशी लॉरीनं उडवलं होतं. गुरुराज कुशीवर पडला होता, गुडघा दुमडलेला, उजवा हात डोक्याच्या वर पसरलेला. जीव होता. अजून आहे. अंथरुणावर आहे, बोलत नाही, मान हलत नाही. हलतं फक्त उजव्या हाताचं पहिलं बोट. कमलानं त्याच्या खाली एक घंटी ठेवलीय. पाणी हवं असलं की तो ती दाबतो. डॉक्टर म्हणतात, हेच एक बोट कसं वाचलं, कळत नाही.

टेबल संताजींनी दुसऱ्याच दिवशी मोडलं. मोटरी विकल्या, टॉर्च विकली. पत्रा तेवढा विकवेना. तो शेडमध्ये भिंतीकडे तोंड करून उभा आहे, गंज चढलेला.

गेल्या दसऱ्याला, सकाळी पूजा उतरवताना त्यांनी तो वळवून पाहिला. न कापलेली जागा आता एकच बोट रुंद होती. बाकी कड गंजून तांबडी, आणि तेवढा नवा काप पांढरा, चकचकीत. त्यांनी हात लावला.

कोमट होता.

संताजी धावत घरी आले आणि भावाच्या उशाशी बसले. घंटी वाजली, पण अगदी हलकी. कमलाला त्यांनी काहीच सांगितलं नाही. काय सांगणार? मला सांगितलं, आणि विचारलं, काही करता येईल का?

परवा खंडेनवमी आहे.