मेलेल्या औषधाचा तपास

"माझ्या औषधाचा खून झालाय," सर खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले.

भाऊजींनी लिहून घेतलं: मयत – औषध. वय विचारावं का, यावर ते अडकले. खासगी तपासनीस असलेल्या वहिनींचे ते धाकटे दीर आणि बिनपगारी साथीदार. लिहीत राहिलं की माणूस हुशार दिसतो, एवढं ते आजवर शिकले होते.

सरांचं संशोधन कुठल्याच औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंवर. मातीतला एक जंतू त्यांना सापडला होता. तो वाढताना जो रस सोडतो, त्यात हे मुजोर जंतू मरत. नेमक्या त्याच वेळी त्यांच्या शाळकरी मुलीच्या पायाचं ऑपरेशन झालं आणि जखमेत तसलाच जंतू शिरला. सगळी औषधं हरली. शेवटचा उपाय म्हणून दवाखान्याने सह्या घेऊन सरांच्या औषधाला परवानगी दिली.

"पहिल्या खेपेने ताप उतरला. दुसरी खेप म्हणजे नुसतं पाणी. ताप परत चढलाय. डॉक्टर म्हणतात, हा आठवडा निघाला तर निघाला." सरांचा हात हनुवटीवर काहीतरी चाचपत होता. "आणि ती मला ओळखतही नाही. नर्सला म्हणते, या काकांना बाहेर काढा."

सरांचे गाल रापलेले होते, हनुवटी मात्र पांढरीफटक. तिच्यावर कापल्याच्या दोन खुणा.

वहिनी उठल्या. "चला, प्रयोगशाळा दाखवा."

प्रयोगशाळेच्या भिंतीवर शर्टाच्या दुसऱ्या बटणापर्यंत दाढी असलेल्या गृहस्थांचा फोटो होता.

"वडील का तुमचे?" भाऊजींनी आदराने विचारलं.

"मीच."

भाऊजींनी तेही लिहून घेतलं.

सरांनी मातीतला जंतू वाढवलेली काचेची झाकणाची प्लेट उघडली आणि नाक जवळजवळ आत घातलं. "मातीचा वास तर तोच आहे."

"सर, नाक," मागून आवाज आला. हे रोज सांगून थकलेल्या माणसाचा आवाज. ही त्यांची सहायिका. दिसेल ते पुसून काढते म्हणून सगळे तिला फिनेल म्हणत.

"माझ्यावर संशय असेल तर सरळ विचारा," ती वहिनींना म्हणाली. "दुसरीकडून नोकरीचं बोलावणं आलंय, हे खरं. सरांशी रोज वाजायचं, हेही खरं."

"कशावरून?"

"स्वच्छतेवरून. त्यांच्या प्लेटींत कायम पिवळे ठिपके. उपरा जंतू. फ्रीझरमध्ये ठेवताना मी दर वेळी आपला जंतू वेचून एकटा ठेवते. माझ्या प्लेटी कशा आरशासारख्या."

"आणि औषध?"

ती जरा ओशाळली. "माझ्या प्लेटींतून कधीच उतरलं नाही. सर म्हणायचे, तुझ्या हाताला गुण नाही. म्हणून औषधाच्या खेपा तेच लावायचे."

"आता त्यांच्या प्लेटी कशा असतात?"

"हल्ली एकदम स्वच्छ. माणूस सुधारतो हो कधीकधी."

यंत्रांवरचा तंत्रज्ञ उशिरा येई आणि आल्यावर कुणी चहा विचारतंय का ते बघे. त्याला जावईबापू म्हणत.

"फ्रीझरची किल्ली माझ्याकडेच असते," तो म्हणाला. "सरांनी माझी रजा नाकारली, त्याचा रागही आहे. पण पोरीचं औषध मारीन होय मी?" त्याने तोंड फिरवलं. "यंत्र तेच, उष्णता तीच, पुरवठा तोच. खोलीत काही म्हणता काही बदललं नाही."

"नाही कसं?" वहिनी म्हणाल्या आणि सरांकडे वळल्या. "दाढी कधी काढलीत?"

"पहिली खेप दिली त्याच दिवशी. वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या, दाढीवर मास्क घट्ट बसत नाही, आत सोडणार नाही. घरी जाऊन मशीन फिरवलं आणि पळत आलो."

"मशीन धुतलंत?"

"मला जेवायची शुद्ध नाही, मशीन कुठलं धुतोय."

"भाऊजी, यांच्या घरी जा. मशीन आहे तसं पिशवीत घालून आणा. झटकू नका."

भाऊजी धावले. खून मशीनने झाला, एवढं त्यांच्या लक्षात आलं.

ते परतले तेव्हा वहिनींनी तिघांना टेबलाभोवती उभं केलं होतं.

"चोरी नाही, भेसळ नाही," त्या म्हणाल्या. "फिनेलबाईंचा एकटा जंतू औषध देत नव्हता. सरांचा देत होता, आणि सरांच्याच प्लेटींत पिवळा उपरा होता. म्हणजे हा मातीतला गडी एकटा असला की हातपाय पसरून झोपतो. शेजारी येऊन छळायला लागला की चिडून विष सोडतो. ते विष म्हणजे तुमचं औषध."

"पण तो शेजारी यायचा कुठून?" फिनेलने विचारलं.

"सर प्लेटीत नाक घालतात, तेव्हा नाकाच्या खाली काय लोंबायचं?"

सगळ्यांनी फोटोकडे पाहिलं. भाऊजींनी जरा उशिरा पाहिलं.

"दाढी गेली, पिवळे ठिपके गेले, औषध गेलं. दुसरी खेप त्यानंतरची."

सर स्टुलावर बसले. "म्हणजे तिच्याजवळ जाता यावं म्हणून मी..."

"तुम्ही बाप म्हणून गेलात," वहिनी म्हणाल्या. "रडायचं नंतर बघू. आधी केस काढा."

मशीनच्या पात्यात अडकलेले बारीक केस सरांच्या बोटांना उचलता येईनात. फिनेलने चिमटा घेतला. जन्मभर घाण पुसत आलेल्या त्या बाईने एकेक केस जपून मातीतल्या जंतूशेजारी ठेवला आणि झाकण लावताना डोळे मिटले.

पिवळे ठिपके उगवले. त्या प्लेटींचा रस फिनेलने मुलीच्या जखमेतल्या जंतूंवर टाकून पाहिला. जंतूंच्या दाट सायीत एक नितळ वर्तुळ पडलं; तेवढ्यातले जंतू मेले होते. जावईबापूंनी रजेचा विषय न काढता यंत्रापाशीच मुक्काम ठोकला. आठवडा संपता संपता तिसरी खेप मुलीच्या नसेत गेली. मग कुणाच्याच हातात काही उरलं नाही.

काचेबाहेर वहिनी, भाऊजी, फिनेल एका रांगेत उभे होते. आत सर मास्क लावून खाटेपाशी बसले होते. ताप अजून होताच. बऱ्याच वेळाने मुलीने डोळे उघडले आणि त्यांच्याकडे एकटक पाहत राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "दाढी कुठे गेली?"

सरांनी मास्कवरूनच हनुवटी चाचपली.

"कामाला लावलीय, बाळा."