तसबिरीमागचा फोटो

बसा रे, शेगडीजवळ सरका. रेवदंड्याच्या बाजारातल्या गुजराती शेठांचा भावेश माहीत आहे ना? त्याच्यावर गुदरलेली ही गोष्ट, त्यानेच सांगितलेली. गेल्या मार्गशीर्षातली अमावास्या.

भावेश पनवेलला असतो. दुकान भाड्याने दिलेलं, मागचं घर बंद. घराण्याला इथे येऊन शंभर वर्षं होत होती, म्हणून जुने फोटो गोळा करायला तो एकटाच आला होता. भिंतीवरची एकेक तसबीर उतरवायचा, काच काढून मोबाइलवर फोटो घ्यायचा.

मोटीबाचा फोटो बघून त्याला भरून आलं. नीराबाई, त्याच्या आजोबांची भावजय. लहानपणी तो तिच्याच मांडीवर जेवला होता. तिचा नवरा, वल्लभदास, धाकट्या भावाबरोबर मालाच्या गलबतातून भावनगरला गेला. धाकटा एकटाच परतला. "भाई आफ्रिकेला गेला," म्हणाला. हा धाकटा म्हणजेच भावेशचे आजोबा. मोटीबा रोज दिवेलागणीला कुंकू लावून दारात उभी राहायची. येईल त्याला विचारायची, "काही कळलं का रे त्यांचं?" आजोबा सांगायचे, "येईल, भाभी. तिकडे मोठा व्यापार आहे." ती म्हातारी होऊन गेली, तेव्हा सवाष्ण गेली म्हणून गावातल्या बायका तिच्या पाया पडल्या.

शेवटी रात्री आजोबांची मोठी तसबीर उतरवली. मागचा पुठ्ठा काढला, तर आत आणखी एक फोटो.

तिरडी. तिच्यावर वल्लभदास. नाकात कापूस. उशाशी आजोबा बसलेले. मागे भावनगरच्या स्टुडिओचा शिक्का, आणि साल... त्याच खेपेचं.

भावेशने वडिलांना फोन लावला. "पप्पा, वल्लभदासदादा आफ्रिकेला गेलेच नव्हते?"

पलीकडून वडिलांनी उलट विचारलं, "कुठे मिळाला तो फोटो?"

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं!"

"ठेव होता तिथे. ती विधवा आहे कळलं असतं, तर तिचे भाऊ वाटणी मागायला आले असते. बापूजींनी घर राखलं."

"आणि तुम्ही? जन्मभर तिच्या हातचं जेवलात, पप्पा. एकदाही तोंड उघडवलं नाही?"

वडिलांनी फोन ठेवला.

ज्या आजोबांचं नाव सांगत हा पोर गावात छाती काढून फिरला, त्यांची तसबीर त्याने पालथी घातली. तेवढ्यात वीज गेली.

बाजारात कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. दाराला आतून लाकडी आडणा घातलेला. बाहेर कुणीतरी उभं होतं. साडीची सळसळ...

"भावू."

त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं.

"काही कळलं का रे त्यांचं?"

"येतील, बा." जिभेवर तेच आलं होतं. त्या घराचं ठरलेलं उत्तर. पण फोटो हातात होता.

"कळलं, बा."

तो दाराकडे तोंड करून बोलत राहिला.

"ते तेव्हाच गेले. भावनगरला. आम्ही... आम्ही सगळ्यांनी तुला फसवलं."

काही नाही. श्वाससुद्धा नाही.

मग दगडावर काहीतरी आपटलं. एकदा. पुन्हा एकदा. आणि मग... काही नाही.

भावेश भिंतीला पाठ लावून उजाडेपर्यंत बसला. उजेड झाल्यावर दाराकडे गेला. आडणा तसाच होता. उंबऱ्याच्या दगडापाशी लाल काचेच्या बांगड्यांचे तुकडे पडले होते.

आतल्या बाजूला.