बंदिवानाच्या हातची वेणी

“असली टोपी घालून बाहेर पडता? गावात आरसे नाहीत वाटतं?”

केझियाने दचकून वर पाहिलं. गावाजवळ युद्धात पकडलेल्या फ्रेंच कैद्यांच्या तळावर दर शुक्रवारी बाजार भरायचा. लाकडी कुंपणाच्या फटींतून कैदी हाडाची खेळणी विकायचे. भाचीसाठी बाहुली बघायला ती वाकली, तर हा पिवळ्या कपड्यांतला हडकुळा प्राणी तिच्या डोक्याकडे बघून चक्क हसत होता!

“मीच शिवलीय,” ती फणकारली. “टोप्या शिवणं धंदा आहे माझा.”

“शिवण झकास आहे हो. पण जी शिवलीय ती काड्यांची वेणी... दोरखंड गुंडाळल्यासारखी! गव्हाच्या काड्या चिरून आणा, मी विणून दाखवतो.”

“आणि पकडला गेलास तर?”

“तर अंधारकोठडी. तिथे ही टोपी तरी दिसणार नाही!”

ती हसली... आणि फसली.

कैद्यांनी टोपीची वेणी विणणं गुन्हा होता. गावातल्या विणणाऱ्या बायकांच्या पोटावर पाय येतो म्हणून. तरी केझिया झग्याच्या अस्तरात काड्या लपवून नेऊ लागली. तो हडकुळा कैदी, अन्सेल्म, तयार वेणी कमरेला गुंडाळून यायचा आणि खेळण्याच्या पेटीतून सरकवायचा. घरी नेली की ती आधी गालाला लावून बघायची. त्या वर्षी टोप्यांचा काठ इतका पुढे आला होता, की बाई कोणाकडे बघतेय हे शेजारणीलाही कळत नसे. केझियाने या फॅशनचा पुरेपूर फायदा घेतला.

हिवाळ्यात तळावर ताप पसरला. रोज प्रेतं बाहेर निघत होती. अन्सेल्म वाचला, पण खोकला काही जाईना. तो घरी जाऊ दे, एवढंच ती देवाकडे मागत राहिली.

मार्चमध्ये कैद्यांची अदलाबदल ठरली आणि अन्सेल्मची पाळी आली.

“मी नाही जात,” तो म्हणाला. “वेणीसकट सापडलं की पाळी रद्द होते.”

“वेडा आहेस? आणखी एक हिवाळा काढलास तर मरशील!”

“आणि तिथे कोणाच्या टोपीला नावं ठेवू?”

“आईकडे जा रे... मी विसरेन तुला.”

“तुम्हाला खोटं बोलता येत नाही,” तो हळूच म्हणाला.

निघायच्या दिवशी ती लांबून बघायला आली. गाड्या उभ्या होत्या, नावं पुकारली जात होती. अन्सेल्म रांगेतून बाहेर आला, थेट हवालदारासमोर उभा राहिला आणि कमरेची वेणी उलगडू लागला. इतकी नाजूक वेणी तिने कधी पाहिली नव्हती.

“आत्ताच?” हवालदार कळवळला. “गाडीत बसल्यावर काढायची होतीस, गाढवा! काड्या कोणी दिल्या?”

“माझ्या गादीतल्या आहेत.”

वेणी तिथेच जाळली. गाड्या त्याला न घेता निघाल्या. शिपायांनी त्याला कोठडीकडे वळवलं, तेव्हा त्याने मान मागे फिरवली.

“केझिया! या शुक्रवारी भेटता यायचं नाही. पुढच्या शुक्रवारी ये... येशील?”

“येईन!” सगळ्या गावादेखत ती ओरडली. “जगून दाखव, मेल्या! प्रेम आहे माझं तुझ्यावर!”

बायका वळून बघू लागल्या. केझियाला त्याचं भान नव्हतं. अख्खा हिवाळा जे मागितलं ते देवाने दिलं होतं, अन्सेल्मने ते फेकून दिलं होतं, आणि तिला आनंद झाला होता. त्या आनंदाची तिला इतकी लाज वाटली, की रडू आवरेना. कोठडीचं दार बंद होईपर्यंत त्याचा खोकला ऐकू येत होता.