ओल्या भिंती, कोरड्या कुंड्या

छत्री मिटायचंही विसरून गणितबाई टिपकागदांच्या बैठकीच्या खोलीत शिरल्या. बाहेर ऊन रणरणत होतं आणि बाईंचा पारा त्याच्याही वर होता.

टिपकागद हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. माणूस खाजगी गुप्तहेर, अंगानं किडकिडीत, बोलणं बेताचं. पण समोरच्याच्या तोंडून जे सांडेल ते टिपून घेणार, म्हणून गल्लीनं हे नाव ठेवलेलं. सोबतीला कायम त्यांचा मेहुणा. मेहुण्याला प्रत्येक प्रकरणातला गुन्हेगार चहा यायच्या आधीच सापडायचा, आणि दर वेळी तो भलताच निघायचा.

"घर विकायचंय," बाई म्हणाल्या. "लेकीच्या गावी जाऊन राहायचं ठरलंय. रविवारी गिऱ्हाईक बघायला येणार, म्हणून घर बाहेरून रंगवायला काढलं. तर काल दुपारी कोणीतरी पुढच्या भिंतीचा ओला रंग नळीच्या पाण्यानं धुऊन टाकला. नुसते ओघळ. असं घर कोण घेईल?"

"ही पहिलीच वेळ?"

बाई जरा अडखळल्या. "परवा सकाळी मागची भिंत बिघडली होती. पण ती उन्हानं बिघडली असणार. ती सोडून द्या. पुढची कोणी धुतली तेवढं शोधा."

"रंगारीच," मेहुणा म्हणाला. "काम वाढवायला."

टिपकागदांनी नुसती चप्पल पायात सरकवली.

बाईंचं घर दुमजली, पूर्वेला तोंड करून उभं. पुढच्या भिंतीवर राखाडी ओघळ सुकले होते. एरवी भिंतीखाली असणाऱ्या गुलाबाच्या कुंड्या मात्र पार कुंपणापाशी होत्या आणि त्यांच्या पानांवर रंगाचा एक शिंतोडा नव्हता.

"कुंड्या तू हलवल्यास?" टिपकागदांनी रंगाऱ्याला विचारलं.

"नाही साहेब. मी त्या चादरीनं जागेवरच झाकल्या होत्या. कोपऱ्यावर चहा घेऊन येतो तर भिंत अशी, नि कुंड्या तिकडे. परवा मागच्या भिंतीचंही हेच झालं."

"मागची सकाळी का रंगवलीस?"

"ह्या दिवसांत तापलेल्या भिंतीला ब्रश लावला की रंग लगेच सुकतो, मग जोड दिसतात. म्हणून मी सावलीमागं फिरतो. सकाळी मागची भिंत, दुपारी पुढची." रंगाऱ्याचा चेहरा उतरला होता. "माझ्यावर आळ आला तर ह्या गल्लीत पुन्हा काम मिळायचं नाही."

मेहुण्यानं त्याच्याकडे पोलिसी नजरेनं पाहायचा प्रयत्न केला. नजर काही जमली नाही.

कुंपणापलीकडे शेजारचे इंजिनीअर झाडांना पाणी घालत होते. हातात नळी. मेहुण्यानं टिपकागदांना कोपर मारलं. "भावोजी, हाच."

"आत्ता तर रंगारी होता."

"हे घर मी भाच्यासाठी मागितलं होतं," इंजिनीअर फणकारले. "दिलं नाही. म्हणून काय मी भिंती धूत बसेन? त्या रंगाऱ्याचं कामच भिकार असेल." रागाच्या भरात नळी हातातून सुटली. कमरेला पाठदुखीचा हा रुंद पट्टा, त्यांना वाकता येईना. अखेर मेहुण्यानंच कुंपणावरून ओणवं होऊन ती उचलून दिली.

मग बाईंचे यजमान. चष्म्याचं दुकान बंद करून ते घरी बसले होते, तरी लोकांचे ते अजून चष्मेवालेच.

"काल दुपारी कुठे होतात?"

"मागच्या ओट्यावर. चहा होईपर्यंत पेपर वाचत होतो. पुढचं काही ऐकू आलं नाही." मग हळूच म्हणाले, "रंगाऱ्याला मात्र काही बोलू नका. भला माणूस आहे."

टिपकागद मागे गेले. तिथल्या भिंतीवरही तसेच ओघळ होते. ओटा उघडाच होता, वर छप्पर नाही, जवळ झाड नाही. दुपारचाच सुमार होता. मेहुणा ओट्यावर टेकला आणि ताडकन उठला. "आई गं. भावोजी, इथं माणूस भाजून निघेल."

"मेहुणे, आज तुम्ही फार मोठं काम केलंत," टिपकागद म्हणाले. कोणतं, ते मेहुण्याला कळेना.

त्यांनी सगळ्यांना पुढच्या सावलीत बोलावलं. इंजिनीअरही कुंपणाला टेकून उभे राहिले.

"इंजिनीअरसाहेबांना नळी उचलवत नाही, ते भरलेल्या कुंड्या कुठून हलवणार? रंगाऱ्यानं कुंड्या झाकलेल्याच होत्या, त्याला त्या हलवायचं कारण नव्हतं. भिंत धुणाऱ्याला घर गिऱ्हाइकाच्या नजरेतून उतरवायचं होतं, पण गुलाबांना धक्का लागू द्यायचा नव्हता. म्हणजे घरातलंच माणूस." ते चष्मेवाल्यांकडे वळले. "आणि दुपारी मागच्या ओट्यावर कोणी पेपर वाचत नाही. आमच्या मेहुण्यांना विचारा."

मेहुण्याचा हात नकळत मागे गेला.

चष्मेवाल्यांनी मान खाली घातली. "मीच धुतली."

"तुम्ही?" बाई बघतच राहिल्या.

"आणि मागचीही," मेहुणा म्हणाला.

"नाही. मागचीला मी हात लावला नाही. ती बिघडलेली बघूनच तर मला सुचलं."

"बाई म्हणाल्या, मागची उन्हानं बिघडली," टिपकागद म्हणाले. "सकाळी तिथे ऊन नसतं, आणि उन्हानं ओघळ येत नाहीत. जन्म ह्या घरात काढलेल्या बाईंना हे ठाऊक नाही? मागची कोणी धुतली ते त्यांना पक्कं माहीत होतं. म्हणून तर त्यांनी मला फक्त पुढचीच शोधायला सांगितली."

बाईंनी पदर डोळ्यांना लावला. "मीच. दुसरी भिंत बिघडली तेव्हा घाबरले. वाटलं, कोणीतरी मला पाहिलंय."

"पण का गं?"

"तुमचे गुडघे दुखतात. लेकीकडे जिने नाहीत. तुम्हाला तिथे बरं वाटेल म्हणून मी हो म्हटलं."

"आणि मला वाटलं, तुझा जीव लेकीत अडकलाय. म्हणून मी गिऱ्हाईक शोधलं."

"मला इथून जायचं नाही हो. कधीच नव्हतं."

"मग बोलायचंस ना."

"तुम्ही बोललात?"

इंजिनीअर खोकल्यासारखं करत आत गेले. चष्मेवाल्यांनी रंगाऱ्याचे दोन्ही हात धरून माफी मागितली आणि तिथंच उभं राहून गिऱ्हाइकाला फोनवर कळवलं, घर विकायचं नाही. बाई रडत होत्या नि हसतही होत्या.

रंगाऱ्यानं ब्रश हातात घेतला. "मग भिंती पुन्हा करतो. रंग हाच ना?"

"नको," दोघं एकदम म्हणाले. गिऱ्हाइकाला आवडेल म्हणून घेतलेला तो राखाडी रंग दोघांच्याही मनातून कधीचा उतरलेला होता.

"निळा," बाई म्हणाल्या.

"छे, पिवळा," चष्मेवाले म्हणाले.

रंगाऱ्यानं रिकामा डबा पालथा घातला आणि सावली बघून त्यावर बसला. "सावकाश ठरवा," तो म्हणाला.